आपल्या पायानं आलेलं जहाज

मालकांच्या घरात जिना उतरायचा तर पाठमोरं उतरायचं, हा पहिला नियम. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर, आणि खाली कोण उभं आहे ते बघायचं नाही. जिना लोखंडी, शिडीसारखा उभा, कुठल्याशा मालवाहू जहाजातून काढून आणलेला. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार घरांत उतरतात तशी सरळ उतरायला लागले, तर खालून आवाज आला, "बाय, समुद्र खवलला तर पडशील." भिवंडीजवळच्या दापोड्यात, चारी बाजूंनी गोडाऊनं, दारात कांद्याच्या गोणी भरलेला टेम्पो उभा, आणि हा माणूस मला समुद्र खवळण्याची भीती घालतोय. मला इतकं हसू आलं की मी खोली तिथल्या तिथे ठरवून टाकली. बाथरूम कुठे आहे हे विचारायचंसुद्धा राहून गेलं.

मी सोलापूरकडची. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे टँकर येतो. वडप्याच्या एका गोडाऊनात बिलिंगची नोकरी लागली म्हणून भिवंडीला आले, आणि येऊन पडले ती जहाजात. घरी फोनवर सांगितलं की माझ्या खोलीला गोल खिडकी आहे, पितळेची, आणि ती उघडत नाही, तर आई म्हणाली, "मग ती खिडकी कसली? पैसे कमी दे त्यांना."

सगळे त्यांना मालक म्हणायचे, म्हणून मीही. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. कायम पांढरा शर्ट आणि पायात रबरी चप्पल, लग्नालासुद्धा. त्यांचा बाप-आजा खाडीत मासे मारणारा आणि भातशेती करणारा. मग शेतांजवळून हायवे गेला, शेतांची गोडाऊनं झाली आणि बसल्या जागी भाडं येऊ लागलं. त्यांच्या जोडीच्या लोकांनी बंगले बांधले, शर्यतीचे बैल पाळले, बोटाएवढ्या जाड साखळ्या गळ्यात घातल्या. मालकांनी जहाजं घेतली. आख्खी नाही, तुकड्या-तुकड्यांनी.

गुजरातच्या किनाऱ्यावर, भावनगरच्या पुढे, अलंगला जगभरातली म्हातारी जहाजं मोडायला येतात. जहाज मोडलं की लोखंड गिरणीला जातं, आणि आतलं सामान, म्हणजे दारं, पलंग, टेबलं, आरसे, दिवे, ताटल्या, हे सगळं रस्त्याच्या कडेच्या दुकानांतून विकायला मांडतात. मैलभर चालत जा, दुकानं संपत नाहीत. आमच्या गोडाऊनांतून माल भरून ट्रक गुजरातला जायचे आणि येताना बरेचदा रिकामे यायचे. मालकांनी ते हेरलं. रिटर्न गाडीत कधी दार यायचं, कधी पलंग. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि मालक हातातलं ताट सारून धावत बाहेर यायचे. ताडपत्री निघाली की आधी ते त्या वस्तूवर तळहात ठेवून नुसते उभे राहायचे. ताप बघतात तसे. हमाल ताटकळायचे, पण हसायचे नाहीत.

त्या घरात जेवणाच्या टेबलाला चारी बाजूंनी बोटभर उंच कड होती, लाटेत ताट घसरू नये म्हणून. पलंगाला फळी होती, झोपेत माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. दारांचे उंबरे एवढे उंच की नव्या पाहुण्याचा अंगठा फुटलाच म्हणून समजा, आणि मालक हळद घेऊन तयारच असायचे. दिवाणखान्यात एक पितळी पाटी होती, तिच्यावर कुठलीशी परकी अक्षरं. मालकांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की ते त्यांच्या भाषेत 'शुभ लाभ' आहे. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे. एकदा एका ड्रायव्हरनं मोबाइल धरून ती वाचली तर 'इथे तेलकट चिंध्या टाकू नयेत' असं निघालं. मालक म्हणाले, "बरोबर हाय. चिंध्या टाकल्या न्हाईत तर आग लागत न्हाय, आग लागली न्हाय तर लाभच हाय ना." झेंडू चालू राहिले.

आणि फोन. जहाजात दोन टोकांना बोलायला एक फोन असतो, त्याला वीज लागत नाही, माणसाच्या आवाजावरच चालतो. असले तीन फोन त्यांनी आणले. एक खाली, एक माझ्या खोलीत, आणि तिसऱ्याची तार गल्लीवरून ओढून समोरच्या जुन्या घरात नेली. भिवंडीत वीज गेली की कापडाचे लूम बंद, पंखे बंद, सगळीकडे शांत, आणि त्या अंधारात माझ्या खोलीतला फोन करकरायचा. "हॅलो, वर समदं ठीक हाय ना?" मी म्हणायचे, "मालक, मी सहा पायऱ्या वर आहे, नुसती हाक मारा." ते म्हणायचे, "हाक वाऱ्यात उडून जाते."

समोरच्या जुन्या घरात काकी राहायच्या. मालकांची बायको.

आता हे जरा सांगायला हवं. नवरा-बायकोचं भांडण नव्हतं. काकी रोज दोघांचा स्वयंपाक करायच्या, मालक दोन्ही वेळ तिकडे जेवायचे, दोघं ओट्यावर बसून सुपारी कातरायचे, आल्यागेल्याची टिंगल करायचे. पण झोपायला मालक जहाजात आणि काकी जुन्या घरात. जहाजाच्या घरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. सत्यनारायणालाही नाही. मालकांनी मोठ्या हौसेनं बसवलेला तो तिसरा फोन त्या एवढ्यासाठीच वापरायच्या की दुपारी उचलायचं, "भाकरी जाली" म्हणायचं आणि ठेवून द्यायचं.

मी एकदा विचारलंच. माझ्या तोंडाला कुलूप नाही. काकी मासे साफ करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माज्या बापाची होडी व्हती. तिनं आमाला सात भावंडांना जगवला. म्हातारी जाली, फली फली सुटाय लागली. लोक बोलले, फोडा नि चुलीला घाला, चांगला सागवान हाय. माजा बाप बोलला, जिनं आपल्याला खायला घातला तिला आपन जालायची? खाडीतल्या तिवरांच्या झाडीत वढून ठेवली. तिची ती गेली, पान्यात, हलूहलू." मग त्यांनी सुरी माझ्या गोल खिडकीकडे रोखली. "आनि ह्यो मानूस मेलेल्याच्या अंगावरचा काढून आनतो. दार काय, पलंग काय. मढ्यावरचा सामान हाय बाय ते. त्यात मी संसार करू?"

त्या रात्री पलंगाची फळी मला जरा निराळीच वाटली, हे कबूल करते.

मालकांना हे माहीत होतं. त्यांचं उत्तर एकच, आणि ते त्यांनी सगळ्या दापोड्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की हमालांना पाठ झालं होतं. "मढा कोनी आनून टाकावा लागतो. जहाज आपल्या पायानं येते."

आणि मग ते सुरू व्हायचे. संध्याकाळी गाड्या भरून झाल्या की गोडाऊनच्या फलाटावर माणसं टेकायची, चहा यायचा, आणि मालक जहाज किनाऱ्याला लावायचे. आधी ते बाहेर समुद्रात नांगर टाकून वाट बघतं. कसली? उधाणाची. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात वर चढतं, तेव्हाच ह्या कामाचा मुहूर्त. पोटातलं ओझं कमी केलेलं, म्हणजे तळ उथळ पाण्यात घसटणार नाही. नावाची अक्षरं रंगानं बुजवलेली. बंदराला लागताना जहाज दबकत येतं, पाच-पाच छोट्या बोटी त्याला धरून आणतात. इथे कोणी धरणारं नसतं. इथे कप्तान जमिनीकडे नाक करतो आणि इंजिनात असेल नसेल तेवढी ताकद सोडतो. "सगला जन्म जमिनीपासून जपून राहिली," मालक सांगायचे, "आनि शेवटच्या दिवशी तिनं सरल जमिनीवर धावत यायचा. मागं बगत न्हाय. चार मजल्यांच्या बिल्डिंगीएवढी बाय, चिखलात घुसते, घुसते, नि थांबते. मंग इंजिन बंद. आनि मंग जो आवाज न्हाय, तो ऐकायचा."

जो आवाज नाही, तो ऐकायचा. बिहारकडची पोरं, ज्यांना मराठी धड कळत नव्हतं, तीही तिथे चहा पिता पिता थांबायची. माझा चहा हातातच निवून जायचा, आणि मी काही भाबडी बाई नाही.

पुढचंही सांगायचे. आधी तेल उपसतात, मग नाकाकडून गॅसनं कापत कापत मागे जातात, भरतीच्या पाण्याचाच उपयोग करून धूड आणखी वर ओढतात. कापणारी पोरं यूपीची, ओडिशाची. त्यांच्या हातांवर ठिणग्यांचे डाग पाहिले की मालक त्यांना शेठ म्हणायचे, असं ते सांगत. कापलेला पत्रा गिरणीत जातो आणि त्याच्या सळ्या होतात. हे त्यांना सगळ्यात थोर वाटायचं. आमच्याकडे सारखी बांधकामं चालायची. कुठेही स्लॅब टाकत असले की मालक गाडी थांबवून उतरायचे आणि उभ्या सळ्यांकडे बोट करायचे. "ह्यातली कुठली तरी सली समुद्रातून आयलेली हाय. ज्याच्या घरात ती बसंल त्याला कवाच कलायचा न्हाय की आपन जहाजात झोपतो." हसण्यावारी नेणारे नेत. पण त्यानंतर मला वडप्याचं आमचं ऑफिससुद्धा निराळं दिसायला लागलं. खांबाला टेकून उभं राहताना मी जरा अदबीनंच टेकायचे.

मग मालक पडले. पाठमोरं उतरायचा नियम करणारे मालक एक दिवस घाईत सरळ उतरले, कारण बाहेर रिटर्न गाडीचा हॉर्न वाजला होता. पाय मोडला. प्लास्टर निघालं तरी काठी सुटली नाही. आता त्यांना रात्री एकटं ठेवायची सोय नव्हती. गावातले दोन-चार वडीलधारे आले, ओट्यावर बसले, आणि सगळ्यांच्या देखत काकींनी निकाल सांगितला.

"दोन घरं आता बास. तुमी बोलता, जहाज आपल्या पायानं येते. मना एकदा दाखवा. मी माज्या डोल्यांनी बगीन. तसा असला तर मी तुमच्या घरात येते. नसला, तर यो सगला लोखंड परत ट्रकात भरायचा, मोडीला द्यायचा, नि तुमी माज्या घरात यायचा. बोला."

मालकांनी ओट्यावर बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आनंदानं उडी मारतील. इतकी वर्षं ह्याचीच तर वाट बघत होते. पण त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि हळू आवाजात "बरा" म्हणाले. पायाचं दुखत असेल, असं मला वाटलं.

अलंगचा एक व्यापारी मालकांच्या जुन्या ओळखीचा होता. त्यानं फोनवर सांगितलं की मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला एक जहाज लावणार आहेत. तो वेळ सांगायला लागला तर मालकांनी त्याला तोडलं. "वेल मना नको सांगू. मी खाडीकाठचा हाय." तिथीवरून भरती काढायची त्यांच्या आजाची रीत होती, आणि ती कधी चुकल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. पौर्णिमेला आमच्या खाडीत पाणी बाराला भरतं. मालकांनी सांगितलं, भर बाराला किनाऱ्यावर हजर राहायचं.

काकी म्हणाल्या, "बाय येत असंल तर मी येते. खोटा बोलायला लागले तर साक्षीला कोनतरी पायजे." म्हणून मी रजा टाकली.

आदल्या दिवशी पहाटे निघालो. गाडीत पुढे मालक, मागे काकी आणि मी, आणि आमच्या मध्ये तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि पाण्याच्या बाटल्या यांचं गाठोडं. रात्री भावनगरला मुक्काम केला. सगळ्या वाटेत मालक फार बोलले नाहीत. एरवी रस्त्यात मोठा ट्रेलर दिसला तरी त्यावरचा पत्रा कुठल्या जहाजाचा हे सांगणारा माणूस, नुसता खिडकीबाहेर बघत होता.

जहाजं मोडतात त्या जागेत परक्या माणसाला सोडत नाहीत. व्यापाऱ्यानं आम्हाला त्या लांबलचक रांगेच्या टोकाला, एका शेताच्या बांधावर नेलं, मोबाइल काढू नका म्हणून दोनदा बजावलं, आणि मी येतो मागाहून म्हणून निघून गेला. बारा वाजायला आले होते. आम्ही समोर पाहिलं.

पाणी नव्हतं. नुसता चिखल होता, नजर पुरेल तिथवर, करडा, ओला, चकाकणारा. समुद्र म्हणून जी काही रेघ होती ती पार तिकडे, आभाळाला लागून. आणि डाव्या हाताला, किनाऱ्यानं, जहाजंच जहाजं. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचं अर्धं अंग. उभं कापलेलं जहाज मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मजल्यावर मजले, त्यात खोल्या, खोल्यांना निळा-पिवळा रंग, एका खोलीच्या भिंतीला अजून आरसा लटकलेला, आणि हे सगळं उघड्यावर, वाऱ्यात. माणसं त्यावर मुंग्यांएवढी. लोखंडाचा एक तुकडा वरून सुटला, चिखलात पडला, आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायला जरा वेळ लागला. मी सोलापूरची, गोपुरं पाहिली आहेत, धरणं पाहिली आहेत. पण इतकं मोठं, माणसानं केलेलं, आणि इतकं निमूट उभं, असं मी काही पाहिलं नव्हतं.

काकींनी पदर डोक्यावरून घेतला. मयताला गेल्यावर घेतात तसा. त्यांचा निकाल झाला होता हे मला दिसत होतं.

मालक काठी टेकत बांधावर येरझाऱ्या घालत होते. "बारा वाजले. पानी पायजे हितं. पौर्निमा हाय. पानी का न्हाय?" त्यांनी खाली वाकून चिखलाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, बोटांवर तिथी परत मोजली. समुद्रानं दगा दिल्यासारखा चेहरा झाला होता.

मागून व्यापारी आला, हातात चहाची किटली. "अरे शेठ, इतनी जल्दी क्यों आ गये? यहाँ पानी शाम को चढ़ेगा. आपके बम्बई का टाइम अलग, खाड़ी के इस कोने का टाइम अलग. इतने साल से आते हो, मालूम नहीं?" मग तो सहज हसत पुढे म्हणाला, "वैसे आपने कभी जहाज लगते देखा भी कहाँ है. मैं हर बार बोलता था, शेठ, रुक जाओ, कल लगेगा. आप सामान लेके उसी दिन निकल जाते थे."

चहा ओतून, किटली तिथेच ठेवून तो गेला. आम्ही तिघं राहिलो.

मला मालकांकडे बघवत नव्हतं. तो चिखल, ते इंजिन, जो आवाज नाही तो. दापोड्याचे हमाल, ड्रायव्हर, मी, आम्ही सगळे ज्यात रंगून गेलो होतो, त्यातलं ह्या माणसानं काहीही पाहिलेलं नव्हतं.

काकी म्हणाल्या, "तुमी कवा बगितलीच न्हाय."

मालक बांधावर बसले. मोडका पाय पुढे लांब करून, कष्टानं. बराच वेळ त्यांनी काठीनं माती उकरली. मला वाटलं होतं काकी आता त्यांना सोलून काढतील. जिंकल्या होत्या त्या, उघड उघड. पण त्याही त्यांच्या शेजारी बसल्या आणि फक्त विचारलं, "का?"

"भ्या वाटायचा."

"कसला?"

"तू बोलतेस तशी असली तर?" मालक म्हणाले. "मी बगायला उभा राहिलो, आनि ती मेल्यासारखी आयली तर? मंग मी घरात झोपू कसा? त्यापेक्षा न बगितलेला बरा. बोलत राहिलो की तसाच होत असंल, असा वाटायचा." आणि ते रडायला लागले. आवाज न करता. पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं तोंड पुसायचे, परत रडायचे. मला त्यांचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं थापा ऐकल्या होत्या. पण आला नाही, खोटं कशाला बोलू.

"चल घरी," ते काकींना म्हणाले. "लोखंड उद्या भरू. तू जिंकलीस."

काकींनी गाठोडं सोडलं. भाकरीवर सुकट घातली आणि त्यांच्या हातात दिली. "आयलोय तर बगून जाव," त्या म्हणाल्या. "खावा."

मग आम्ही थांबलो. दुपार कलली तसं पाणी आलं. मी समजत होते की भरती हळूहळू येते. तिथे ती चालत येते. आता इथे चिखल होता, आता नाही. बांधाखाली पाणी लागलं, कापलेल्या जहाजांच्या पोटात शिरलं, आणि तिकडे लांबवर एक ठिपका होता तो मोठा व्हायला लागला.

मालकांनी डोळे गच्च मिटले. तोंड वळवलं, आणि माझ्या पिशवीचा बंद मुठीत धरला.

"बगा ना," मी म्हटलं.

"न्हाय. तुमी बगा."

तेव्हा काकी बोलायला लागल्या. मी त्यांना एवढं सलग बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

"वलली," त्या म्हणाल्या. "आडवी व्हती, आता नाक इकडं केलाय. कालीशी हाय. खाली लाल रंग दिसतो, वर उचललेली हाय, रिकामी. धूर काढते. मोठी हाय वो. आता लय मोठी हाय. कोन न्हाय तिच्यासंगती, एकलीच हाय. कोन वढीत न्हाय, कोन ढकलीत न्हाय. सरल येते." त्यांचा हात मालकांच्या खांद्यावर होता. "थांबंल आता असा वाटतो. न्हाय थांबत. अवो, न्हाय थांबत ती."

थांबत नव्हती. मी देवाची शपथ घेऊन सांगते, समोरचं अर्धं आभाळ झाकलं गेलं. आधी आवाज नव्हताच, आधी बांध हादरला, तळपायातून. मग पाण्याची एक भिंत तिच्या नाकापुढून दोन्हीकडे फुटली, आणि ती चिखलावर चढली. चढतच राहिली. लोखंड जमिनीवर घासताना जो आवाज करतं तो मी लिहू शकत नाही. पाखरांचा थवाच्या थवा उठला. जहाज एकदा डाव्या अंगाला किंचित कललं, सरळ झालं, आणि थांबलं. इंजिन अजून चालू होतं. एवढ्या मोठ्या जिवाला थांबायचं आहे हे कळायला वेळ लागत असावा. मग इंजिनही थांबलं.

आणि तो आवाज, जो नाही, तो आला. मालकांनी जसा सांगितला होता तसाच. न पाहता, न ऐकता, तंतोतंत तसाच सांगितला होता ह्या माणसानं. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेलेच होते, पण मान वर झाली होती. ते ऐकत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. जहाजाच्या अंगावरून शिडी खाली आली, आणि लहान लहान माणसं पाठमोरी उतरायला लागली. काकींनी डोक्यावरचा पदर मागे केला आणि पुढे झाल्या, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. तिथे त्या उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ होती, पण ऐकू येत होतं.

"आयली आपल्या पायानं," त्या म्हणाल्या. "पन एवढ्या लांबून आयली, नि दारात कोन न्हाय तिला घ्यायला. एक मानूस न्हाय."

व्यापारी किटली न्यायला परत आला होता. काकींनी त्याला हाक मारली. त्यांचं हिंदी भिवंडीच्या बाजारातलं. "भाईसाब, इसमे चूल किधर रहता हाय? खाना किधर पकाते?"

तो म्हणाला, "किचन? पीछे, ऊपर. क्यों?"

"वो किसको देने का न्हाय. वो मेरेको."

व्यापारी मालकांकडे बघायला लागला. मालक कुठे बघत होते, डोळे मिटून बसलेले. त्यानं काकींनाच सांगितलं, अभी तो कागज़ होंगे, तेल निकलेगा, फिर कटाई, किचन निकलते निकलते छह महीना तो लगेगा.

काकींनी हिशेब केल्यासारखी मान हलवली आणि बांधावर परत आल्या. मालकांच्या पुढ्यात उभं राहून, साडीच्या निऱ्यांना लागलेला चिखल झटकत म्हणाल्या, "तवर माजा गॅस तुमच्या घरात नेऊन ठेवू. उद्या पोचलो की."

मालकांनी डोळे उघडले आणि जहाजाकडे पाहिलं.